जॉर्डनचा कॅन्टोनीज क्लास : साडेतीन स्टार, तेही मंगळवारच्या बाईंमुळे

जॉर्डन म्हणजे हाँगकाँगमधला एक भाग आणि कॅन्टोनीज म्हणजे इथे बोलतात ती चिनी. आधीच सांगते, क्लासचं नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि पोरगा अजून तिथेच जातोय. हाँगकाँगमध्ये नवीन आलेल्या दोन-तीन मराठी आयांनी विचारलं की लोकल शाळेत घातलं तर चायनीजचं काय करता, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

आमचा मुलगा दुसरीत, लोकल शाळा, माध्यम चिनी. इंटरनॅशनलची फी वर्षाला लाखाच्या वर, तेही हाँगकाँग डॉलर, अकरानं गुणा आणि मग पाणी प्या. शिवाय इथेच राहायचं तर इथली भाषा यायला हवी असं आमच्या दोघांचं मत. मत असणं सोपं असतं हो, रोज संध्याकाळी होमवर्क घेऊन बसायची वेळ आली की कळतं. आमच्यासारख्यांच्या मुलांना इथे एनसीएस म्हणतात, म्हणजे नॉन-चायनीज स्पीकिंग. माझा मुलगा लिफ्टमध्ये शेजारच्या आजींशी कॅन्टोनीजमध्ये गप्पा हाणतो, तरी कागदावर तो नॉन-चायनीज स्पीकिंगच.

क्लास आठवड्यातून दोनदा, दीड तास, महिन्याला सोळाशे डॉलर. एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण तिचा भरवसा नाही. मंगळवारी एक रिटायर्ड प्रायमरीच्या बाई शिकवतात, गुरुवारी कॉलेजची मुलं.

बाईंबद्दल आधी. पहिल्या दिवशी मलापण मागे बसू दिलं. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, नुसतं हवेत हात फिरवत "सी" म्हणाल्या, सहा वेळा, प्रत्येक वेळी हात वेगळ्या उंचीवर, एकदा सरळ, एकदा वर चढत, एकदा खाली घसरत. मला सहाही सारखेच ऐकू आले. अर्थ मात्र सुरागणिक वेगळा : कविता, इतिहास, परीक्षा, वेळ, बाजार आणि काम! पोरांनी हात फिरवून फिरवून ते पंधरा मिनिटांत पकडलं. मी अजून भाजीवालीकडे "माय" म्हणते तेव्हा धाकधूक असते, कारण एका सुरात ते विकत घेणं आणि दुसऱ्या सुरात विकणं. एकदा मी तिला छान आत्मविश्वासानं मला दोन गड्ड्या विकायच्यात म्हणून सांगितलं, ती हसतेय, मीपण हसतेय, आणि चिरंजीव माझी ओढणी ओढून सांगतायत, आई, सूर खाली राहिला, वर ने.

एक गंमत, आपल्या लोकांना उपयोगी पडेल. क्लासच्या वहीत उच्चार रोमनमध्ये देतात आणि त्यानं घोळ होतो. बी लिहितात पण उच्चार आपल्या प च्या जवळचा, जी लिहितात तिथे क. मी सगळं देवनागरीत उतरवून दिलं तर गाडी सुसाट सुटली. आणि 'मी' या शब्दाला कॅन्टोनीजमध्ये म्हणतात "ङो". बालवाडीपासून तो ङ पाठ केला, वाङ्मय सोडून कुठे भेटला नव्हता, शेवटी हाँगकाँगमध्ये कामाला आला.

आता खरी अडचण. इथे बोलतात एक आणि लिहितात दुसरं. म्हणजे आपल्याकडे घरची बोली आणि पुस्तकातली मराठी असा फरक असतो तसा नाही, त्याच्या कितीतरी पुढचा. आपण या अर्थी बोलताना "ङो तेय", पुस्तकात मात्र "ङो मुन". नाही या अर्थी बोलताना "म् हइ", वाचताना "पत सी". लिहायची भाषा व्याकरणानं मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेच्या, जवळची, वाचायची मात्र कॅन्टोनीज उच्चारात, वर अक्षरं जुन्या पद्धतीची, भरगच्च रेघांची. चिनी घरातल्या मुलाला हे कानावरून येत राहतं, गोष्टी वाचून दाखवणारं कोणीतरी घरात असतं. आमच्या घरात कोण? मी? शाळा हे वेगळं असं शिकवत नाही, येतंच असं धरून चालते. बाई मात्र शिकवतात. दोन रंगाच्या पेन्सिली, हिरव्यानं तोंडचं, निळ्यानं पुस्तकातलं. एवढ्या एका गोष्टीसाठी माझे सोळाशे वसूल. परवा हॉटेलात भिंतीवरच्या मेन्यूकडे बोट दाखवून म्हणतो, आई यात पाणी आहे, बघ डावीकडे तीन थेंब. ते सूप होतं.

आता गुरुवार. गुरुवार म्हणजे निव्वळ होमवर्क उरकायचा कारखाना. मुलं वही उघडतात, दादा-ताई उत्तर सांगतात, मुलं उतरवतात, वही बंद. वर्षात तीन चेहरे बदलले. आणि वर्गात सगळी आपलीच गँग, नेपाळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, दोन पंजाबी, त्यामुळे आपापसात इंग्लिश नाहीतर हिंदी-उर्दू. माझ्या पोराचं उर्दू सुधारलंय, खोटं कशाला बोलू. क्लासचा ग्रुप मेसेज मात्र पूर्ण चायनीजमध्ये! अहो, आम्हाला वाचता येत असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?

हे सगळी एकाच वर्गात कोंबायचं प्रकरण इथे जुनं आहे. सरकारनं २००६ च्या सुमारास काही शाळा खास एनसीएस मुलांसाठी ठरवल्या, जास्तीचे पैसे दिले, मुलं तिथेच गोळा झाली आणि मधल्या सुट्टीत चायनीज बोलायला कोणी उरलंच नाही. २०१३ मध्ये ते लेबल काढलं. मग २०१४ पासून चायनीज दुसरी भाषा म्हणून शिकवायचा आराखडा आला, पण तो आराखडाच, रोजच्या वर्गात त्याचं काय करायचं ते ज्या त्या शाळेवर. १९९८ ला बहुतेक सेकंडरी शाळा चिनी माध्यमात गेल्या, इंग्लिशची परवानगी ११४ शाळांना राहिली. २०१० पासून तो नियम सैल झाला, तरी पुढे इंग्लिश मीडियममध्ये टाकू हा प्लॅन वाटतो तितका सोपा नाही. आणि युनिव्हर्सिटीसाठी बारावीच्या परीक्षेत चायनीजला लेव्हल ३ लागते. एनसीएस मुलांना ब्रिटिश जीसीएसईचं, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेचं, चायनीज दाखवून अर्ज करता येतो, पण त्याची पातळी प्रायमरीच्या सुरुवातीची अशी टीका इथे वर्षानुवर्षं चालू आहे. कॉलेजच्या अर्जाला पुरतं, नोकरीला पुरेलच असं नाही.

महाराष्ट्रात २०२० ला सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. अजूनही वाजवेन. फक्त पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या तमिळ वहिनी तेव्हा मुलीची मराठीची वही घेऊन माझ्याकडे यायच्या आणि मी घाईघाईत उत्तरं सांगून मोकळी व्हायचे, ते आता आठवतं.

तर कोणी घालावं? मूल केजीत किंवा पहिली-दुसरीत असेल तर घाला. चौथीच्या पुढे असेल तर इथे नुसता होमवर्क होईल. पैसे घालवण्याआधी सरकारी खर्चानं चालणारे मोफत चायनीजचे वर्ग शनिवारी असतात ते बघा. शाळेची नोटीस कळत नसेल तर चिअर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या अल्पसंख्याकांसाठीच्या मदत केंद्रात, फोनवर दुभाषी मिळतो, हिंदी आहे, मराठी नाही.

गेल्या आठवड्यात मक-स्यू होतं, म्हणजे पाठ करून लिहायची डिक्टेशन, ही इथल्या आयांची साप्ताहिक साडेसाती. वाक्य स्वतः जोडायचं होतं, पठ्ठ्यानं "ङो तेय" लिहिलं, लाल गोल, मार्क गेला. गुरुवारच्या दादानं तेच वाक्य वहीत बरोबर म्हणून टिक केलं होतं. बाईंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, हिरवी पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. मी ऑफिसमध्ये जाऊन विचारलं, फक्त मंगळवारची फी भरून चालेल का. नाही म्हणाले, पॅकेज आहे.