हाडांच्या ऑपरेशननंतर वॉर्डमध्ये झोपण्यासाठीचा ‘स्लीप किट’: काय घ्यावे, काय टाळावे

रुग्णालयात नेण्यासाठी म्हणून झोपेचा जो तयार संच विकला जातो, त्यात बहुधा चार वस्तू असतात: फोमचे इयरप्लग, डोळ्यांवरची पट्टी, मानेची उशी आणि पायाखाली घ्यायचा फोमचा लोड. गुडघा, खुबा किंवा खांद्याचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या दृष्टीने आमचे मत असे: इयरप्लग घ्याच, पट्टी पारखून घ्या, मानेची उशी नसली तरी चालते, आणि लोड मात्र डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय वापरू नका. हे संच मुळात प्रवाशांसाठी बनवलेले असतात. प्रवाशाला हवी तशी कूस बदलता येते. ऑपरेशनच्या पहिल्या रात्री रुग्ण मात्र उताणा असतो, एका हाताला सलाईन असते आणि एक अवयव ठरवून दिलेल्या स्थितीतच ठेवायचा असतो.

आधी इयरप्लग. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वॉर्डमधला रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आत असावा आणि मध्येच होणारा मोठा आवाजही ४० च्या वर जाऊ नये. प्रत्यक्षात नुसत्या बोलण्यानेही हा आकडा सहज ओलांडला जातो. फोमच्या प्लगच्या पाकिटावर साधारण २९ ते ३३ डेसिबल छापलेले असते, पण तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. प्लग अर्धवट बसला तर फायदा निम्म्यावर येतो, आणि बहुतेकांचा अर्धवटच बसतो. नीट बसवायचा तर हात धुऊन प्लग बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली नळी करा. डोक्यामागून दुसरा हात आणून कान वर आणि मागे ओढा. नळी आत सरकवा आणि फोम फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोट तसेच धरून ठेवा. आपलाच आवाज घुमल्यासारखा आणि जड ऐकू आला, तर प्लग बसला असे समजा. फोम बारीक, टोकदार आवाज जास्त अडवतो: यंत्रांची पिपाणी, भांड्यांचा खणखणाट. हवेच्या गादीच्या मोटरची घरघर मात्र थोडीफार ऐकू येतच राहते, तेवढ्यावरून प्लग खराब समजू नका.

या संचात एक मोठी त्रुटी आहे, आणि पाकिटावर तिचा उल्लेख कुठेच नसतो. फोमचा प्लग बसवायला दोन हात लागतात. खांद्याचे किंवा कोपराचे ऑपरेशन झालेल्या, झोळीत हात असलेल्या रुग्णाला तो स्वतः घालता येत नाही. अशांनी मेणासारखा मऊ सिलिकॉनचा प्लग घ्यावा. तो कानाच्या नळीत ढकलायचा नसतो, नळीच्या तोंडावर थापायचा असतो, आणि एका हाताने जमतो. तो आवाज थोडा कमी अडवतो, पण नीट न बसलेल्या फोमपेक्षा केव्हाही बरा. कानातून पाणी येत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मळ घट्ट बसला असेल तर कुठलाच प्लग नको. फोमचा प्लग धुऊन पुन्हा वापरू नये. मळला की टाकून द्यावा.

डोळ्यांच्या पट्टीत कापडापेक्षा मागचा पट्टा महत्त्वाचा. बहुतेक पट्ट्यांना डोक्याच्या मागे, मधोमध, वेल्क्रोचा जाड जोड असतो. रात्रभर उताणे झोपणाऱ्याला तो तासाभरात टोचू लागतो. जोड बाजूला, कानाच्या वर येईल अशी किंवा नुसत्या रुंद लवचीक पट्ट्याची पट्टी घ्या. डोळ्यांपुढे खोलगट जागा असलेली असेल तर पापण्यांवर दाब येत नाही. ऑक्सिजनची नळी कानावरून जात असेल तर पट्टी नळीच्या वरून बांधा. उलट केले तर पट्टी काढताना नळीही निघते. घोरण्याच्या आजारासाठी मास्क लावणाऱ्यांनी दोन्ही एकत्र बसतात का, हे ऑपरेशनच्या आधीच पाहून ठेवावे.

खुब्याचे हाड मोडून आलेल्या वृद्ध रुग्णांच्या बाबतीत मात्र आम्ही हा संच सरसकट सुचवणार नाही. या रुग्णांना ऑपरेशननंतर अचानक भ्रम होण्याचा धोका मोठा असतो. अंधारात जाग आली, काही दिसेना, ऐकू येईना, तर घाबरून उठण्याचा प्रयत्न होतो आणि पडण्याची भीती असते. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, दिवसा खिडकीचा उजेड, दुपारी फार वेळ झोपू न देणे, रात्री मंद दिवा: यांचा उपयोग पट्टीपेक्षा जास्त. झोपेची गोळी मागण्याआधीही थांबा. झोपेच्या अनेक गोळ्या वृद्धांमध्ये भ्रम आणि पडणे वाढवतात, आणि वेदनेसाठी अफूवर्गीय औषध चालू असेल तर श्वास मंदावू शकतो.

आता लोड. सर्वाधिक नुकसान करू शकणारी वस्तू हीच. सांधा बदललेल्या गुडघ्याखाली उशी घेतली की लगेच बरे वाटते, म्हणूनच ती तिथेच राहते. पण गुडघा रात्रभर वाकलेला राहिला तर तो पूर्ण सरळ होणे अवघड जाते, आणि मग चालताना लंगड राहते. आधार पोटरीखाली किंवा घोट्याखाली द्यायचा, म्हणजे गुडघा सरळ होतो आणि टाच अधांतरी राहते. टाच गादीला चिकटून राहिली तर दाबाने जखम होते, आणि मणक्यातली भूल किंवा नर्व्ह ब्लॉक (एका अवयवाची नस बधिर करणारे इंजेक्शन) उतरलेला नसेल तर ती कळतही नाही. मागच्या बाजूने खुब्याचे ऑपरेशन झाले असेल तर दोन पायांमध्ये तिकोनी उशी देतात. तिचे पट्टे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या गाठीवर आवळले जात नाहीत ना, हे झोपताना बोटाने तपासा. तिथून जाणारी नस दबली तर पाऊल वर उचलता येत नाही. पुढच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून शेजारच्या खाटेवरचे पाहून नक्कल नको. खांद्याच्या रुग्णाला सपाट झोपवत नाही, पाठ ३० ते ४५ अंश उचललेली बरी. आणि कोपराच्या मागे छोटी उशी हवी. ती नसेल तर कोपर मागे पडते आणि खांदा पुढून ताणला जातो. ‘खांदा रात्रीच जास्त दुखतो’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्याने कमी होते.

संचासोबत थंड पॅक आला असेल तर कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, एवढाच. तो लावून झोपी जाऊ नका. बधिर अवयवाला थंडीने होणारी इजा जाणवत नाही.

पण इतके सगळे घेतले तरी पहिल्या रात्रींचा मुख्य शत्रू वेदना असतो, आणि तिच्यासाठी संचात काहीच नसते. एकदाच दिलेला नर्व्ह ब्लॉक औषधाप्रमाणे ८ ते २४ तासांत उतरतो. सकाळी ऑपरेशन झालेल्याला म्हणूनच मध्यरात्र ते पहाट जड जाते. ब्लॉक उतरण्याआधीच तोंडाने घ्यायची औषधे सुरू व्हायला हवीत. पॅरासिटामोल साधारण दर ६ तासांनी देतात, प्रौढांत २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. रात्री १० ची मात्रा चुकली की २ वाजता जाग ठरलेली. मळमळ टाळायला ऑपरेशनच्या वेळी डेक्सामेथासोन दिले असेल तर पहिल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणे त्यामुळेही असू शकते. शिवाय मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही घटतात, मग स्वप्नांची झोप उसळून परत येते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीची भडक स्वप्ने याचाच भाग आहेत.

दिवे मंद होण्याआधी सिस्टरांशी दोन मिनिटे बोलणे या संचाइतकेच उपयोगी पडते. रात्रीची गोळी, रक्तदाब आणि कूस बदलणे एकाच फेरीत बसवता येईल का ते विचारा. सलाईनची सुई कोपराच्या वळणात असेल तर हात वाकला की पंप ओरडतो, म्हणून शक्य असल्यास ती मनगटाच्या वर, कोपराच्या खाली घ्यायला सांगा. बेलचे बटण चांगल्या हाताला बांधा, कारण प्लग आणि पट्टी लावल्यावर ते चाचपडत शोधावे लागते.

फायदा झाला की नाही हे रोज सकाळी मोजा. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीत पाच प्रश्न आहेत: झोपेची खोली, लागायला गेलेला वेळ, किती वेळा जाग आली, पुन्हा झोप लागली का, आणि झोपेचा एकूण दर्जा. प्रत्येकाला ० ते १०० गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. झोप मोजण्याचा पिट्सबर्ग निर्देशांक प्रसिद्ध असला तरी तो गेल्या महिन्याबद्दल विचारतो, चार दिवसांच्या मुक्कामाला तो बसत नाही. आकडा वाढला नाही आणि जाग वेदनेनेच येत असेल तर प्लग बदलण्यात अर्थ नाही, औषधांची वेळ बदलायला सांगा. आणि प्लास्टर किंवा ड्रेसिंगखाली वेदना औषध घेऊनही वाढतच असेल, बोटे हलवून दिल्यावर असह्य होत असेल, मुंग्या येत असतील, तर डोळ्यांवरची पट्टी काढून त्याच क्षणी बेल दाबा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.