छोट्या लाकडी लुअरसाठी स्टीलच्या लिप मागवल्या, जाडी मोजून घ्या

घरी लाकडी लुअर, म्हणजे मासेमारीचे हुक लावलेले खोटे मासे, बनवणाऱ्यांसाठी लिहितोय. स्टेनलेसच्या तयार लिपचं (लुअरच्या नाकाखाली बसवायची पत्र्याची पट्टी, ओढताना तिच्यामुळे तो खाली जातो आणि थरथरतो) पाकीट ऑनलाइन मागवलं आणि महिनाभर वापरून बघितलं. फिनिशिंग खरंच चांगलंय, पॉलिश आरशासारखं, कडांना थोडी बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) होती ती कानशीने पाच मिनिटांत गेली. पण पाकिटावर जाडी 0.5 एमएम लिहिलेली आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर 0.8 निघाली, आणि इथेच सगळं बिघडलं.

माझे लुअर पाच-सहा सेंटीमीटरचे, पांगाऱ्याचे, हुक-रंग सगळं धरून जेमतेम सहा ग्रॅम. आता 15 बाय 20 एमएमची लिप 0.8 जाडीची घेतली तर वजन 1.9 ग्रॅमच्या आसपास जातं, तीच 0.5 ची असली तर 1.2. मोठ्या लुअरला हा फरक कळतही नाही पण एवढ्याशा लाकडाला नाकावर पाऊण ग्रॅम जास्त झालं की संपलं, टाकीत सोडला तर नाक खाली शेपूट वर, उभाच्या उभा. तीन संध्याकाळ घासून बनवलेला लुअर होता, फार वाईट वाटलं.

मग घरातलं जुनं स्टीलचं ताट घेतलं, मोजलं तर बरोबर 0.5, पत्र्याच्या कात्रीने त्यातून लिप कापल्या आणि तोच लुअर काय सुंदर चालला, थरथर रॉडच्या मुठीपर्यंत जाणवत होती.

अॅल्युमिनियमचा 1 एमएम पत्रा पण करून बघितला, वजन फक्त 0.8 ग्रॅम आणि कापायला एकदम सोपा. धरणावर मस्त. पण खाडीच्या खाऱ्या पाण्यात काही दिवसांनी पांढरी पूड धरतो आणि दगडाला आपटला की वाकतो, म्हणून जिताड्यासाठी मी तरी वापरणार नाही. पितळेला सोल्डर छान बसतं पण ते स्टीलपेक्षाही जड, छोट्या लुअरला नकोच.

बसवताना एक लक्षात ठेवा, हॅकसॉची खाच साधारण 1 एमएमची होते त्यामुळे 0.5 चा पत्रा त्यात सैल बसतो. आत जाणाऱ्या भागाला दोन बारीक भोकं पाडा, पॉलिश पेपरने खरवडा आणि मग एपॉक्सी भरा, ते भोकांतून आरपार जाऊन धरतं. माझी एकही लिप अजून निघालेली नाही. कोन मी 45 च्या आसपास ठेवतो, लिप जास्त उभी केली तर लुअर वरच्या वर लटपटतो आणि पुढे आडवी केली तर खोल जातो, कांदळाच्या मुळांत खोल गेला की अडकलाच समजा. लुअर उजवीकडे पळत असेल तर दोरीची कडी पक्कडीने किंचित डावीकडे वाकवा.

विकणाऱ्याला व्हर्नियरचा फोटो पाठवलाय, उत्तर नाही. माल चांगला पण लिहिलंय ते दिलं नाही म्हणून 5 पैकी 3. उरलेल्या लिप नऊ सेंटीमीटरच्या लुअरला लावल्यात, तिथे झकास चालतात.