अंगठीतून गेलेली शाल

फेब्रुवारीत कामानिमित्त दिल्लीला गेलो होतो. काम चारलाच उरकलं, म्हणून मेट्रोने बदरपूर गाठलं आणि तिथून रिक्षाने सूरजकुंडच्या मेळ्याला गेलो. फरिदाबादजवळ १९८७ पासून ही हस्तकलेची जत्रा भरते. शाकारलेल्या झोपड्यांत कारागीर आपापला माल मांडून बसलेले असतात, संध्याकाळी चौपालवर, म्हणजे खुल्या रंगमंचावर, नाचगाणी होतात. गर्दी मरणाची होती, पण मजा आली. फाटकाशी बीनवाले वाजवत होते आणि सूट-बूटातले लोकही त्यांच्यापुढे नाचत होते.

आईला पश्मिना घ्यायची होती. एका काश्मिरी चाचांनी अर्धा तास शाली दाखवल्या. लडाखच्या बकऱ्यांची लोकर, हाताने कातलेलं सूत. साधी, बिननक्षीची शाल त्यांनी दिव्यासमोर धरली तेव्हा वीण कुठे दाट, कुठे विरळ दिसली. "मशीन की ऐसी नहीं होती," म्हणाले. भाव चौदा हजार. मी शाल मुकाट्याने घडी घालून परत ठेवली. त्यांनी आग्रहही केला नाही.

फसलो तो बाहेर पडल्यावर, पार्किंगच्या वाटेवर. एक शालवाला आडवा आला. खांद्यावर शालींची चळत, गळ्यात ओळखपत्राची दोरी. "अंदर अपना ही स्टॉल है साहब, आज समेट रहे हैं." ते ओळखपत्र उलटं लटकत होतं. हात लावून सरळ करायला किती वेळ लागला असता? खरी पश्मिना अंगठीतून जाते म्हणतात, म्हणून त्याने बोटातली अंगठी काढली आणि अख्खी शाल तिच्यातून सर्रकन ओढून दाखवली. शेजारच्या एका बाईंनी लगेच दोन घेतल्या. आठ हजारांवरून भाव बत्तीसशेवर आला, आणि आत चौदा हजार ऐकून आलेल्या माणसाला बत्तीसशे म्हणजे लॉटरीच! क्यूआर स्कॅन केल्यावर भलतंच नाव आलं. "भाई का खाता है." बिल म्हणून वहीचं एक चिटोरं मिळालं. त्यावर फोन नंबर होता. तो दुसऱ्या दिवसापासून बंद.

पुण्यात आईने शाल अंगावर घेतली आणि म्हणाली, "अरे, ही गार लागतेय." मला ते पटेना. शेवटी कोपऱ्याला एक धागा निघाला होता, तो नीट करून घ्यायचं निमित्त काढून रफूवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी काठाचा एक दोरा ओढला आणि काडी लावली. दोरा भुरकन पेटला, कागद जळल्याचा वास आला, चिमूटभर मऊ राख उरली. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या स्वेटरचा धागा जाळला. तो पेटता पेटेना, आणि केस जळल्यासारखी घाण सुटली. "लोकर असली तर असा वास येतो. ही व्हिस्कोस आहे साहेब, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सूत. अंगठीतून तर ही पश्मिन्यापेक्षा जास्त सुळकन जाते."

म्हणजे ज्या परीक्षेवर मी भुललो, ती परीक्षाच नव्हती. कोणतंही पातळ, गुळगुळीत कापड अंगठीतून जातं. त्या दोन शाली घेणाऱ्या बाई त्याच्याच साथीदार असाव्यात, असं आता वाटतं, खात्री नाही. काश्मिरी पश्मिन्याला २००८ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तपासलेल्या शालीला क्रमांकाचं लेबल असतं. हे मला घरी येऊन कळलं. घ्यायची असेल तर ते लेबल मागा, पक्कं बिल मागा, आणि "अंदर अपना स्टॉल है" म्हणणाऱ्याला सांगा, चल, आतच देतो पैसे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तक्रार करायला विकणाऱ्याचं नाव-गाव तरी हवं ना. माझ्याकडे चिटोरं होतं.

बॅग रिकामी करताना आतल्या चाचांचं कार्ड सापडलं. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच दिलं होतं. त्यावर नाव, श्रीनगरचा पत्ता, फोन, सगळं होतं. मागे पेनाने लिहिलेलं, १४,०००.