पीजीच्या (पदव्युत्तर वैद्यकीय) अभ्यासासाठी अंकी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अंकी हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर. प्रश्नोत्तरांच्या कार्डांच्या या अ‍ॅपचं कामही तेवढंच. विषय समजावून सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. समजलेलं कधी उजळायचं याचा हिशेब ते ठेवतं आणि तो चोख ठेवतं. अडचण अशी की कार्डावर चुकीचं किंवा जुनं काही लिहिलेलं असेल तर तेही ते तितक्याच निष्ठेने घोटून घेतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या डॉक्टर-नर्सनी ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी.

आधी सेटिंग. रोजची नवी कार्डं मुळात 20 वर ठेवलेली असतात. ऐकायला कमी वाटतात, पण काही आठवड्यांनी रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहापट होते. म्हणजे दीडशे-दोनशे कार्डं. ड्यूटी असलेल्या माणसाला 8 ते 10 नवी पुरे. 23.10 आवृत्तीपासून एफएसआरएस ही नवी वेळापत्रक-पद्धत आली आहे. ती चालू आहे का हे डेकच्या (कार्डांच्या संचाच्या) पर्यायांत बघा आणि महिन्यातून एकदा तिथलं ऑप्टिमाइझ (आपल्या उजळण्यांवरून हिशेब जुळवून घेणारं बटण) दाबा. अपेक्षित स्मरण, म्हणजे उजळणीच्या वेळी किती कार्डं आठवावीत, ते 90 टक्क्यांवर राहू द्या. परीक्षेच्या धास्तीने 97 केलंत तर उजळण्यांचा असा पूर येतो की अ‍ॅपच बंद पडतं, म्हणजे आपणच उघडेनासे होतो.

उत्तर पाहिल्यावर ते कितपत आठवलं हे अगेन, हार्ड, गुड, इझी या बटणांनी सांगायचं असतं. त्यांत एकच खोड मोडायची. उत्तर आठवलं नाही तर अगेन. ‘अगदीच विसरलो नव्हतो’ म्हणून हार्ड दाबलं की पद्धत ते बरोबर उत्तर धरते, अंतर वाढवते आणि पुढचा सगळा अंदाज बिघडतो. हार्ड म्हणजे कष्टाने, पण आठवलं.

खरा कस कार्ड लिहिण्यात लागतो. ‘अ‍ॅड्रेनालिनचा डोस किती?’ हे कार्ड निकामी, धोकादायकही. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अ‍ॅलर्जीत) प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, म्हणजे 1:1000 द्रावणाचं अर्धा मिलिलिटर. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये (हृदय बंद पडल्यावर) 1 मिलिग्रॅम शिरेतून, 1:10,000 चं 10 मिलिलिटर, दर 3 ते 5 मिनिटांनी. प्रश्नात प्रसंग, मार्ग आणि द्रावणाची तीव्रता नसेल तर ही दोन उत्तरं डोक्यात एकमेकांवर चढतात. अशी जुळी कार्डं मग सारखी चुकतात. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अंकी ‘लीच’ म्हणजे जळू असा टॅग लावतं (नाव चपखल आहे). जळू पुन्हा पुन्हा घोटू नका, कार्ड फोडा. हायपरकॅलेमियाचे (रक्तात पोटॅशियम वाढण्याचे) सगळे उपचार एका कार्डावर कोंबले की हेच होतं. त्याची चार करा: कॅल्शियम ग्लुकोनेट कशासाठी, तर हृदयाच्या पेशीपटलाला स्थैर्य देण्यासाठी, त्याने पोटॅशियम उतरतं का, नाही, इन्सुलिन 10 युनिटसोबत ग्लुकोज किती, तर 25 ग्रॅम, नंतर कशावर लक्ष, तर साखर घसरण्यावर.

ईसीजी, एक्स-रे आणि शरीररचनेच्या आकृत्यांसाठी चित्रावरचा भाग झाकून विचारण्याची सोय आता अ‍ॅपमध्येच आहे. चांगली आहे, पण तोच एक ईसीजी दहा वेळा पाहिला की निदान आठवतं ते पानाच्या कोपऱ्यातल्या डागावरून! एकाच निदानाचे किमान चार-पाच वेगवेगळे ईसीजी घाला.

आयते डेक? पदवीच्या पायाभूत विषयांना चालतात. मार्गदर्शक तत्त्वांना नाही. सेप्सिसची (संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिक्रियेची) व्याख्या 2016 मध्ये बदलली. सीपीआरमधल्या छातीवरच्या दाबांची खोली अमेरिकी तत्त्वांत 2010 मध्ये ‘किमान 5 सेंटिमीटर’ होती, 2015 मध्ये तिला 6 ची वरची मर्यादा आली. रक्तदाबाचं तर विचारूच नका: 2017 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी उच्च रक्तदाबाची रेषा 130/80 वर आणली, युरोपात ती 140/90 वरच आहे. त्यामुळे अशा प्रत्येक कार्डावर संस्थेचं नाव आणि साल प्रश्नातच लिहा, आणि सालाचा टॅग लावा. नवी आवृत्ती आली की त्या टॅगची सगळी कार्डं एकदम समोर काढून तपासता येतात. हे सुरुवातीला केलं नाही तर हजारभर कार्डं हाताने चाळावी लागतात.

रात्रपाळीच्या आठवड्यात ढीग साचणारच. नवी कार्डं शून्यावर आणा, उजळणीला रोजची मर्यादा घाला, ढीग संपेपर्यंत मर्यादा हलवू नका. सुट्टीत एका बैठकीत सहाशे उरकायला गेलात तर शेवटच्या दोनशेंवर अंदाधुंद गुड दाबलं जातं.

हाताची कौशल्यं यातून येत नाहीत आणि सतत शिक्षणाचे क्रेडिट गुणही मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

संगणक आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनचं अ‍ॅप विकत. दोन उपकरणं वापरत असाल तर बसण्याआधी आणि उठताना सिंक करा, म्हणजे दोन्हीकडची कार्डं सर्व्हरमार्फत जुळवून घ्या. ‘अपलोड की डाउनलोड’ असा प्रश्न समोर आला तर न वाचता दाबू नका. एका बाजूचं काम पुसलं जातं. आणि वॉर्डातला एक्स-रे कार्डावर टाकताना त्यावरचं नाव व नोंदणी क्रमांक कापून टाका, नुसतं झाकू नका. सिंक झालं की मूळ चित्र सर्व्हरवर जातं, झाकण वरच्या वर राहतं.