डॅव्हनपोर्ट की सादेलीची पेटी? बडोद्यातली दोन जुनी मेजं

मेहुण्याला दांडिया बाजारातल्या घरासाठी लिहायचं जुनं मेज हवंय. दोन त्याच्या मनात भरलीत, किमतीही साधारण सारख्याच. त्याच्या आग्रहाखातर दोन्ही नीट उपसून पाहिली.

पहिलं डॅव्हनपोर्ट, शिसवी, कडेने पितळी पट्टीचं जडावकाम. वर उतरतं झाकण, त्याखाली कागद ठेवायची पोकळी. खण समोर नाहीत, बाजूला आहेत: उजवीकडे चार खरे आणि डावीकडे चार निव्वळ देखाव्याचे. मेहुण्याने डावीकडची मूठ ओढून पाहिली आणि हिरमुसला. पण बनावटच अशी असते, ती खोट नव्हे. १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या गिलो कारखान्याने कॅप्टन डॅव्हनपोर्ट नावाच्या गिऱ्हाइकासाठी असं डेस्क केलं, त्याची नोंद वहीत राहिली आणि गिऱ्हाइकाचं नाव या सगळ्या प्रकारालाच चिकटलं.

आता आपल्या मेजाची वही कुठे आहे? विकणारा म्हणतो, सयाजीरावांच्या काळातल्या एका दिवाणांचं. कोणत्या? "मोठे होते, साहेब." बडोद्याच्या जुन्या बाजारात दर तिसरी खुर्ची राजवाड्यातून आलेली असते. ती सगळी खरी असती तर लक्ष्मी विलासमध्ये पाय ठेवायला जागा उरली नसती.

मालकाचं नाव मेजाची किंमत वाढवतं, नाही असं नाही. व्हाइट हाउसमधलं रेझोल्यूट डेस्क बघा. आर्क्टिकच्या बर्फात सोडून दिलेल्या ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडाचं ते केलेलं. १८८० मध्ये राणी व्हिक्टोरियाने अध्यक्ष हेस यांना भेट दिलं आणि तसं त्याच्या पाटीवर कोरलंय. पुढे आपल्या पायांचे लोखंडी आधार दिसू नयेत म्हणून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी समोर एक फळी बसवायला सांगितली; ती बसली १९४५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. मालक असा लाकडातच दिसतो. दिवाणांची ना पाटी, ना पत्र, ना खणाच्या तळाशी एखादा क्रमांक. तेव्हा दिवाणांचे पैसे द्यायचे नाहीत.

दुसरी सादेलीची पेटी, ओळखीच्या एका कुटुंबाकडची. मिटली की दीड फुटाची चौकट, उघडली की मखमल लावलेला लिहायचा उतार. सादेली म्हणजे सुरत-मुंबईचं जडावकाम. इराणातल्या शिराजहून सिंधमार्गे इकडे आलं असं मानतात. लाकूड, कथील, हाड, हस्तिदंत यांच्या बारीक तिकोनी काड्या एकत्र चिकटवून जुडी करतात आणि ती आडवी कापतात. भाकरवडीचा रोल कापावा तसं: प्रत्येक चकतीत तीच चांदणी. त्या चकत्या मग पेटीवर डकवायच्या. या पेटीच्या एका कोपऱ्यात अकरा चांदण्यांपैकी दोन उडाल्यात, तिथे कोणीतरी मेण भरलंय. बडोद्याचा मे आणि मग पावसाळा अशी शंभर वर्षं काढली की खालचं लाकूड आकसतं-फुगतं आणि तुकडे सुटतातच. दुरुस्त करणारा हात आता सहज मिळत नाही.

कारागिरीत पेटी उजवी आहे, यात वाद नाही. मी स्वतः तिच्यावरच भाळलो होतो. अडचण पांढऱ्या तुकड्यांची. घरचे म्हणतात, हाड आहे. हाडात बारीक काळपट ठिपके दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा. इथे तुकडा तांदळाच्या कणीएवढा. भिंगातूनही मला छातीठोक सांगता येईना. हस्तिदंत निघालं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खरेदी-विक्रीच गुन्हा, मग पेटी कितीही जुनी असो. भाचा न्यू जर्सीत आहे, "पुढेमागे तो नेईल" हा बेतही सोडावा: शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. डॅव्हनपोर्ट तेवढं जुनं असेल तर तेच त्यालाही लागू.

नुसती रंगीत नक्षी हवी असेल तर संखेडा जवळच आहे, लाखकामाचं नवं करून घ्या. पण मेहुण्याला जुनंच हवंय.

म्हणून डॅव्हनपोर्ट. घासाघीस करताना दिवाणांचं नाव निघालं की कागद मागायचा. जाता जाता, त्याच्या झाकणावरचं चामडं डावीकडे जास्त झिजलंय आणि शाईचे डागही डाव्या कडेलाच. वर्षानुवर्षं तिथे बसून लिहिणारं माणूस डावखुरं असणार. मेहुणाही डावखुराच आहे. हे विकणाऱ्याला मात्र कळू द्यायचं नाही.