हर्शी बेअर्सची मॅच: प्लेअर नका बघू, टीम बघा

आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार स्टार, आणि जो अर्धा कापलाय तो टीमसाठी नाही, एएचएल (अमेरिकन हॉकी लीग, एनएचएलच्या एक पायरी खालची) ही लीगच तशी आहे म्हणून. आइस हॉकी म्हणजे फक्त एनएचएल, तिथली सगळ्यात वरची लीग, असं धरून बसलेल्यांनी एकदा तरी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जावं. चॉकलेटवाल्यांचंच गाव, रस्त्यावरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या आकाराचे. टीमचं स्टेडियम जायंट सेंटर, तिथे साधारण साडेदहा हजार सीट्स आहेत, म्हणजे गर्दीचा माहोल पण मिळतो आणि खेळ मोठ्या स्क्रीनवर बघत बसावं लागत नाही. वॉर्मअपला लवकर जा आणि काचेजवळ उभे रहा. ब्लेडने बर्फ खरवडला जातो तो करकर आवाज, आणि पक (खेळायची रबरी चकती) काचेवर धाडकन आदळला की मधे काच आहे हे माहीत असूनही माणूस एक पाऊल मागे सरकतोच.

आता रोस्टरबद्दल, म्हणजे टीममधल्या प्लेअर्सच्या यादीबद्दल, कारण नवीन माणूस इथेच फसतो. घरून सगळी नावं आणि नंबर पाठ करून जाल आणि त्यातले दोन जण बर्फावर नसतीलच. बेअर्स ही एनएचएलमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सची खालची टीम, वॉशिंग्टन गाडीने दोन-अडीच तासांवर, वर कुणाला दुखापत झाली की सकाळी फोन येतो आणि तुमचा आवडता सेंटर (मधल्या जागेवरचा प्लेअर) संध्याकाळी तिकडे खेळतोय, मग त्याची जागा भरायला अजून खालच्या ईसीएचएल लीगमधल्या साउथ कॅरोलायना स्टिंगरेजमधून कुणीतरी येतो. त्यात लीगचा नियम असा की मॅचला उतरणाऱ्या १८ स्केटर्सपैकी (गोलकीपर सोडून) १३ जण ‘डेव्हलपमेंट’वाले हवेत, त्यातले १२ जास्तीत जास्त २६० प्रो मॅचेस खेळलेले आणि तेरावा ३२० पर्यंत. म्हणजे मुरलेले प्लेअर पाचच, बाकी सगळी पोरं. म्हणून खेळ कधी कधी सैरावैरा वाटतो, पास चुकतात, पण अंग राखून कुणी खेळत नाही कारण प्रत्येकाला वर जायचंय. भाडेकरू दर वर्षी बदलतात, वाडा तोच, असा सगळा कारभार.

आणि वाडा जुना आहे हो. १९३८ पासून सलग याच लीगमध्ये, याच गावात, एवढं टिकलेली दुसरी टीम एएचएलमध्ये नाही. आधी खेळायचे ते शेजारच्या जुन्या हर्शीपार्क अरीनात, जो १९३६ मध्ये मिल्टन हर्शीने ऐन मंदीच्या काळात बांधला (बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एकाच मॅचमध्ये केलेले १०० पॉइंट्स तिथलेच), मग २००२ मध्ये जायंट सेंटरला आले. फ्रँक मॅदर्स हे नाव लक्षात ठेवा. १९५६ मध्ये प्लेअर-कोच म्हणून आला, १९५८ आणि १९५९ असे लागोपाठ कॅल्डर कप (एएचएलचं विजेतेपद) जिंकून दिले आणि पुढे क्लबचा प्रेसिडेंट होऊन थेट १९९१ मध्ये रिटायर झाला. १९८८ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या कपसाठीच्या बाद फेऱ्या) तर १२ मॅच खेळले आणि १२ जिंकले, एकही हरले नाहीत! २००९-१० ला सीझनमध्ये ६० विजय, तो लीगचा रेकॉर्ड, आणि वर कप पण.

माझ्या मते खरी मजा मात्र अलीकडच्या दोन फायनल्समध्ये आहे. २०२३ ला समोर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली एकदम नवीकोरी टीम, कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, बेअर्स सिरीजमध्ये पहिल्या दोन मॅच हरून बसले, तिथून सातव्या मॅचपर्यंत खेचली आणि त्यांच्याच घरी ओव्हरटाइममध्ये माइक व्हेकिओनीने गोल मारून संपवलं. २०२४ ला पुन्हा तीच टीम समोर, पुन्हा ओव्हरटाइम, या वेळी हर्शीत, सहावी मॅच ५-४, गोल मॅट स्ट्रोमचा. गंमत बघा, त्याचा भाऊ डिलन वर कॅपिटल्समध्ये आणि हा खाली कप उचलतोय. बेअर्सचा हा तेरावा कप. त्यांच्यानंतर सगळ्यात जास्त कप आहेत ते जुन्या क्लीव्हलँड बॅरन्सचे, ९, आणि ती टीम कधीच बंद पडलीय.

इथून वर गेलेल्यांची यादी पण कमी नाही. २०१८ ला कॅपिटल्सने स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला तेव्हा होल्टबी, कार्लसन, ऑर्लोव्ह हे सगळे हर्शीतून गेलेले. मला आवडतो तो जे बीगल, कारण ईसीएचएलचा केली कप, मग कॅल्डर, मग स्टॅनली असे तिन्ही जिंकणारा तो पहिलाच, स्टार वगैरे नाही, फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठी दोघांची झटापट) घेणारा कामाचा माणूस.

तिकिटाचं म्हणाल तर शनिवारचं घ्या. एएचएलमध्ये शुक्र-शनि-रवि अशा सलग तीन मॅच पण लावतात, अशा वेळी रविवारी पायात जीव नसतो, दिसतंच ते. समोर विल्क्स-बॅरी/स्क्रँटन पेंग्विन्स किंवा लीहाय व्हॅली फँटम्स असले तर अजून चांगलं, दोन्ही याच राज्यातले, जुनी खुन्नस. जर्सी घ्यायचीच असेल तर पाठीवर नाव न टाकता घ्या, ज्याचं नाव टाकाल तो पुढच्या वर्षी इथे असेलच याची गॅरंटी नाही.

आणि जानेवारीच्या आसपास टेडी बेअर टॉस असतो त्याचं तिकीट मिळालं तर सोडू नका. बेअर्सचा पहिला गोल झाला की सगळं पब्लिक आणलेली मऊ खेळणी बर्फावर फेकतं, मग ती गोळा करून संस्थांना देतात. २०२५ ला १,०२,३४३ जमली, वर्ल्ड रेकॉर्ड. मॅच बराच वेळ थांबते, कंटाळणारे कंटाळतात. फक्त त्या दिवशी काचेजवळची सीट घेऊ नका, मागच्यांचा नेम सगळ्यांचा चांगला नसतो.