इंकांच्या पवित्र खोऱ्यात साडेचार महिने : खाणं, डोंगरवाटा आणि शेजार

पेरूमधल्या उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात आम्ही दोघं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरलो आणि ऑगस्टच्या मध्याला निघालो. मुक्काम सगळा ओयांतायताम्बो गावात, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत. नवऱ्याचं काम इंटरनेटवरून चालतं, आणि मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. परत येऊन आता चार महिने झाले. भेटेल तो विचारतो, "माचू पिच्चू कसं होतं?" सुंदर होतं. तिकीट काही महिने आधी काढा, बहुतेक गाड्या ओयांतायताम्बोहूनच सुटतात, एवढं सांगितलं की माझं त्याबद्दलचं बोलणं संपतं. मला सांगायचंय ते खोऱ्याबद्दल.

बहुतेक लोक हे खोरं जवळच्या कुस्को शहरातून बसने एका दिवसात बघतात. पहिल्या आठवड्यात आम्हीही तेच केलं. पीसाकचे अवशेष, जेवण, ओयांतायताम्बोच्या पायऱ्या, येताना चिंचेरो. जाहिरातीत 'अस्सल केचुआ घरातलं जेवण' लिहिलं होतं. केचुआ म्हणजे इथले मूळ लोक आणि त्यांची भाषा. प्रत्यक्षात चाळीस जणांची पंगत, आणि वाढणाऱ्या बायकांना त्यांचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. आपण देतो त्यातलं चुलीपर्यंत किती पोचतं, असं मी वाटाड्याला विचारलं, तर त्याने विषयच बदलला. त्या रात्री मी खूप अस्वस्थ होते. पुढचे चार महिने मी जे शोधलं, त्याची सुरुवात त्या जेवणापासून झाली.

आधी उंचीचं सांगते, कारण इथे चूक झाली तर पहिले चार दिवस वाया जातात. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे, ओयांतायताम्बो २,८०० च्या आसपास. म्हणून विमानतळावरून कुस्कोत न थांबता थेट खाली खोऱ्यात या, दोन दिवस काही चढू नका, मुन्याचा काढा प्या. मुन्या ही डोंगरातली रानपुदिन्यासारखी वनस्पती, बाजारात जुडीने मिळते. कोकाच्या पानांचा चहाही सगळीकडे मिळतो. तो तिथेच प्या, पानं बॅगेत घालून भारतात आणू नका, इथे ती बेकायदा आहेत.

आता खाणं. मी मांसाहार करत नाही, नवरा करतो, त्यामुळे दोन्ही बाजू सांगता येतील. दुपारी सगळीकडे 'मेनू देल दिया' असतं : एक सूप, एक मुख्य पदार्थ, एक पेय, आम्ही होतो तेव्हा ८ ते १२ सोल. एक सोल तेव्हा साधारण २२ रुपयांचा होता. शाकाहारी माणसाची अडचण सुपात असते. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, म्हटलं की कोंबडी येते; तिथे कार्ने म्हणजे मुख्यतः गुरा-मेंढरांचं मांस. 'सिन पोयो' पण म्हणा, आणि सूप हाडांच्या पाण्यातलं आहे का ते वेगळं विचारा. दोन महिने मी हे रोज विचारलं. नंतर तीन खानावळींतल्या बायका मला ओळखू लागल्या आणि माझ्यासाठी लावा बाजूला काढून ठेवू लागल्या. लावा म्हणजे मक्याच्या पिठाचं दाट सूप. थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मक्याबद्दल मात्र थोडं थांबायलाच हवं. या खोऱ्यातला पांढरा मका जगात वेगळा आहे : दाणा अंगठ्याच्या नखाहून मोठा, पिठूळ, गोडवा अगदी कमी. २००५ पासून त्याला आपल्या हापूससारखं, मूळ प्रदेशाच्या नावाचं संरक्षण आहे. ओलं कणीस म्हणजे चोक्लो. उकडलेलं कणीस आणि ताज्या चीजची लादी हातात धरून रस्त्याकडेला उभ्याने खायची. आम्ही पोचलो तेव्हा हंगाम सरत आला होता, तरी एप्रिलभर मी रोज खाल्लं. मग वाळलेला मका सुरू होतो. भाजला की कांचा, शिजवला की मोते, आणि मोड आणून वाळवला की होरा. होरा दळून, उकळून, आंबवून चिचा करतात. ज्या घरात चिचा तयार असेल त्या दारावर काठीला लाल कापड किंवा लाल प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसते. आत शिरा, बाकावर बसा. पहिला थेंब जमिनीला, म्हणजे पाचामामाला, भूमातेला, मग आपण. उरुबाम्बाच्या बाजूला स्ट्रॉबेरी घातलेली फ्रुतियादा मिळते. आंबूसपणा झेपत नसेल तर तिच्यापासून सुरुवात करा.

घरमालकिणीला मी 'मामाय' म्हणायचे. केचुआत त्याचा अर्थ माझी आई, आणि मोठ्या बाईला हाक मारायची तीच आदराची रीत. तिच्या अंगणात बातान होता : जमिनीवर मोठी सपाट शिळा, आणि वर अर्धचंद्रासारखा दगड. आपल्या वरवंट्यासारखा तो पुढे-मागे ओढत नाहीत, दोन्ही हातांनी धरून कडेवर डोलवतात. त्यावर उचुकुता ही चटणी वाटायची. त्यात रोकोतो ही जाड सालीची, काळ्या बियांची तिखट मिरची, आणि वाकाताय हा पाला. वाकाताय झेंडूच्या कुळातला. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा दसऱ्याचं तोरण आठवलं. महिनाभरात मला वाटण जमायला लागलं, पण मामायच्या वाटणात पाणी सुटायचं नाही आणि माझ्यात सुटायचं.

मे-जूनमध्ये बटाट्याची काढणी असते. वातिया तेव्हाच खायची, तेही शेतातच. शेतातली सुकी ढेकळं रचून घुमट करतात, आत जाळ घालतात. ढेकळं तापून लाल झाली की बटाटे आत टाकून घुमट वरून पाडायचा आणि मातीखाली गाडायचा. पाऊण तासाने उकरून काढलेला बटाटा, वरची माती झटकून, उचुकुता आणि चीजबरोबर. हॉटेलांत 'पाचामांका' नावाचा भट्टीतला प्रकार वर्षभर मिळतो, त्यात मांस, रताळी, वालासारख्या मोठ्या शेंगा, सगळं असतं, आणि नवऱ्याला तो आवडलाही. पण वातिया विकत मिळते असं समजू नका. बटाटे काढायला हात लावलात तर कुणीतरी बोलावतं. आम्ही दोन दिवस मामायच्या भावाच्या शेतात वाकून बटाटे वेचले. त्याला तिथे आयनी म्हणतात : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. आपल्याकडची सावड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

बटाट्यासाठीच पीसाकच्या वरच्या डोंगरातल्या 'पार्के दे ला पापा'मध्ये जा. तिथल्या केचुआ गावांनी मिळून तो राखला आहे आणि तेराशेहून अधिक वाण ते लावतात. आधी कळवून जावं लागतं, पैसे गावांच्या सामाईक खात्यात जातात, आणि बोलतात ते स्वतः शेतकरी. एका गाठाळ बटाट्याचं नाव 'काचुन वाकाची', म्हणजे सुनेला रडवणारा. सोलता सोलता नवी सून रडकुंडीला येते म्हणून. हे ऐकून मी इतकी हसले की सांगणाऱ्या आजींनी मला सुरी आणि एक बटाटा हातात दिला.

नवऱ्याने लामाय गावी काठीवर भाजलेला कुय, म्हणजे गिनीपिग, खाल्ला. चव चांगली, मांस कमी, असं त्याचं मत. मला बघवलं नाही, पण तिथे सणाच्या ताटात त्याचा मान मोठा आहे आणि नाक मुरडणं मला बरं वाटलं नाही.

डोंगरवाटांबद्दल. सह्याद्रीत चढणाऱ्या पायांना इथली चढण अवघड नाही, श्वास अवघड आहे. पिंकुयूना ही गावासमोरच्या कड्यावरची इंकाकालीन कोठारं, फुकट, तासाभराची चढण. सकाळी लवकर जा, वाटेला कठडे नाहीत. पुमामार्का ही माझी सगळ्यात आवडती वाट. पाताकांचा या नदीच्या काठाने, अजूनही मक्याने भरलेल्या जुन्या पायऱ्यांच्या शेतातून वर जाते, जायला अडीच-तीन तास, आणि आमच्या पाच फेऱ्यांमध्ये वर कधी सात-आठ माणसांपलीकडे कुणी भेटलं नाही. काचिकाता ही नदीपलीकडची दगडाची खाण. ओयांतायताम्बोच्या मंदिरातले सहा प्रचंड गुलाबी दगड तिथून आले, आणि वाटेतच राहिलेल्या दगडांना लोक 'थकलेले दगड' म्हणतात. १५३७ मध्ये इंका राजा मांको याने याच ओयांतायताम्बोत एर्नांदो पिझारोच्या स्पॅनिश सैन्याला मागे हटवलं, पाटाचं पाणी मैदानात सोडून घोडे अडवले. थकलेल्या दगडापाशी बसून समोर ते मैदान दिसतं. एक दिवसाच्या बसमध्ये ही जागा नसते.

मोठी चाल एकच केली : लारेसच्या बाजूच्या वाकावासीहून खिंड ओलांडून पाताकांचा गावाला. खिंड ४,४०० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. सामानाला घोडा आणि बरोबर गावचाच माणूस घेतला, पैसे त्याच्याच हातात दिले. जूनमधली पहाट, गवत पांढरं झालेलं, आणि उतारावर पसरलेले बटाटे. रात्री गोठायचे, दिवसा उन्हात वितळायचे, मग माणसं अनवाणी तुडवून त्यातलं पाणी काढतात. असे काही दिवस केलं की चुन्यो तयार होतो, वर्षानुवर्षं टिकणारा. आठवडेच्या आठवडे वाहत्या पाण्यात ठेवून मग वाळवला तर पांढरी मोराया. मी तुडवायला उतरले आणि पाच मिनिटांत पाय बधिर झाले. शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी तासभर तुडवत होती.

वाटांवरच्या कुत्र्यांची भीती खरी आहे. वाकून दगड उचलल्यासारखं केलं की बहुतेक वेळा ती मागे सरतात. दुसरी तक्रार थंडीची. घरं मातीच्या विटांची, गरम करायची सोय नाही, जून-जुलैत रात्री तीन ब्लँकेटं लागतात. दोनदा रस्ते बंदच्या आंदोलनात आम्ही गावात अडकलो. परतीच्या विमानाआधी दोन दिवस कुस्कोत येऊन राहा.

फिरण्यासाठी कोलेक्तिवो, म्हणजे भरली की सुटणारी व्हॅन. गावात तीनचाकी मोतोताक्सी, आणि त्यातल्या कितीतरी बजाजच्या. तिथे तिला लाडाने 'तोरितो', छोटा बैल, म्हणतात. आकुर्डीचं नाव आंदीजमध्ये वाचून ऊर भरून आला हे कबूल करते. पीसाक, ओयांतायताम्बो, चिंचेरो आणि मोरायचे अवशेष एकाच तिकिटावर होतात. दोन दिवसांचं आणि दहा दिवसांचं अशी दोन तिकिटं असतात, दहा दिवसांचं घ्या. मारासची मिठागरं त्यात येत नाहीत, तिथे वेगळे पैसे. ती तिथल्या कुटुंबांच्या मालकीची आहेत आणि आता वाफ्यांमध्ये उतरू देत नाहीत. ते योग्यच आहे.

चिंचेरोतली विणकामाची प्रात्यक्षिकं सगळीकडे एकसारखी असतात : मुळी किसून फेस, तळहातावर कोचिनील किडा चिरडून लाल रंग, लिंबू पिळून नारिंगी. पाहायला छान, पण तिथेच टांगलेल्या शालींत कितीतरी यंत्रावरच्या निघाल्या. मला खरं समजलं ते शिकायला बसल्यावर. एका बाईंकडे तीन आठवडे रोज दोन तास गेले. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं आपल्या कमरेला. ताण आपल्या पाठीने द्यायचा. लामा या प्राण्याच्या हाडाच्या रुकीने धागा ठोकायचा. नक्षीला पायाय म्हणतात, म्हणजे वेचणं, कारण एकेक धागा बोटाने वेचून वर घ्यावा लागतो. तीन आठवड्यांत माझा वीतभर पट्टा झाला. त्यानंतर बाजारात पट्ट्याचा भाव करताना माझी जीभ वळली नाही. विणणारीकडून थेट घ्या, ती सांगेल ते द्या.

आणि जत्रा. पेन्तेकोस्ते या ख्रिस्ती सणाला ओयांतायताम्बोत सेन्योर दे चोकेकिल्का या क्रुसाची चार दिवस जत्रा भरते, मुखवटे घातलेले नाचणारे ताफे रात्रंदिवस. पाहुणे नाच बघतात. मी महिनाभर आधी हुर्का बघितली. जत्रेच्या यजमानाची माणसं सजवलेला पाव आणि चिचा घेऊन घरी येतात. पाव घेतला की मदतीचा शब्द दिला. मामायने पाव घेतला आणि दोन पोती बटाटे कबूल केले. मग तिच्याबरोबर मीही तीन दिवस सामाईक स्वयंपाकघरात वाल सोलले. तिथल्या बायकांनी मला केचुआतले आकडे शिकवले, मी त्यांना मराठीतले. 'सुल्पाय्की', म्हणजे आभार, एवढा शब्द तरी जाण्याआधी पाठ करा. थोडी स्पॅनिश तर हवीच.

कुणी जावं? ज्यांच्याकडे किमान दहा दिवस आहेत आणि मुक्काम खोऱ्यात करायची तयारी आहे, त्यांनी. मे-जून सगळ्यात उत्तम. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पाचामामाला नैवेद्य असतो. पर्यटकांसाठी तो पैसे घेऊनही करतात, तो मी टाळला. शेजारच्या घरी बोलावलं तिथे गेले, कोकाची तीन पानं हातात धरून त्यांच्यावर फुंकर घातली आणि गप्प बसले.

हा सगळा कोरड्या महिन्यांचा अनुभव आहे. पावसाळ्यात डोंगरात अळंबी उगवतात आणि त्यांची दूध-चीज घातलेली काप्ची होते. आम्हाला मिळाली ती वालाची काप्ची. मामाय प्रत्येक वेळी वाढताना म्हणायची की ही खरी नव्हे, खरीसाठी फेब्रुवारीत ये. गेल्या आठवड्यात तिच्या मुलीच्या फोनवरून तिने टोपलीभर अळंबींचा फोटो पाठवलाय.